बोरन्हाणातला शेंगदाणा: राजारामपुरीतल्या एका पाळणाघराचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर हे पाळणाघर चालतं. मुलं पंधरा-सोळा, वय एक ते पाच. आईवडिलांपैकी कुणी शिरोलीच्या एमआयडीसीत, कुणी बँकेत, दोघीतिघी शिक्षिका. चालवणाऱ्या ताई आणि मदतीला दोन मावश्या. त्यांतल्या एक स्वयंपाकघर बघतात. सकाळचा खाऊ आणि दुपारचं जेवण घरच्या डब्यातून, संध्याकाळचं खाणं पाळणाघराकडून. ताई, मावशी आणि मुलीची आई यांच्याशी बोलून हे लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील गाळले आहेत.

सुरक्षिततेत हे पाळणाघर ढिलं नव्हतं. जिन्याला फाटक, विजेच्या बटणांना झाकणं, फिनेल वरच्या फळीवर, गेटची कडी आतून. ताटात काय पडतं आणि ते कसं चिरलेलं असतं, याकडे मात्र कुणी त्या नजरेनं पाहिलं नव्हतं. डब्यात अख्खी द्राक्षं यायची, कच्च्या गाजराच्या कांड्या, फुटाणे, उकडलेल्या शेंगा, सफरचंदाच्या जाड फोडी. आई जितकी जागरूक तितका डबा पौष्टिक, आणि डबा जितका पौष्टिक तितक्या त्यात कडक, गोल, गुळगुळीत गोष्टी जास्त. ज्या बिस्किटाला आपण नावं ठेवतो ते निदान लाळेत विरघळतं.

काय घडलं

संक्रांत ते रथसप्तमी हे बोरन्हाणाचे दिवस. दीड वर्षाच्या एका मुलाचं बोरन्हाण पाळणाघरातच करायचं ठरलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाट, औक्षण. डोक्यावरून ओतलं ते नेहमीचंच: बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, रेवड्या, गोळ्या आणि भाजलेले शेंगदाणे घातलेले चिरमुरे. लहान मुलांच्या श्वासनलिकेतून आजवर काय काय काढलंत, असं एखाद्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारलं, तर यातल्या बऱ्याच गोष्टी त्यांच्याही यादीत सापडतील.

ओतल्याबरोबर मुलं तुटून पडली. मोठ्यांचे मोबाइल पाटावरच्या बाळाकडे वळलेले. एक वर्ष आठ महिन्यांची एक मुलगी गोळा करता करता तोंडात टाकत होती, खिदळत होती, आणि मध्येच तिला जोराचा ठसका लागला. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, एकामागून एक खोकल्याची उबळ.

एका पालकांनी तिच्या तोंडात बोट घालायला हात पुढे केला. ताईंनी तो अडवला. "खोकतेय ना, खोकू दे," एवढंच त्या म्हणाल्या. हे बरोबर होतं. मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर हवा आतबाहेर होते आहे; त्याच्या खोकल्याइतकी ताकद आपल्या बोटात नसते, आणि न दिसणारी वस्तू बोटानं चाचपताना ती आणखी खाली ढकलली जाते. दुसऱ्या कुणीतरी पाणी आणलं, तेही दोन घोट पाजलं गेलं. ते टाळायला हवं होतं.

मिनिट-दीड मिनिटात खोकला थांबला. मुलगी पुन्हा बोरं वेचायला लागली.

त्यानंतरचे पाच दिवस

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात नाजूक क्षण ठसक्याचा नव्हता. ठसका थांबल्यानंतरची दहा मिनिटं जास्त महत्त्वाची होती. तिथे जमलेल्या प्रत्येकानं एकच अर्थ लावला: गेलं खाली. पण खाली म्हणजे कुठे? अन्ननलिकेत गेलं असेल तर प्रश्नच नाही. श्वासनलिकेतून पुढे सरकून एका बाजूच्या फांदीत जाऊन बसलं असेल, तरीही खोकला थांबतो. तिथलं अस्तर थोड्या वेळानं त्या वस्तूला सरावतं, दुसऱ्या बाजूनं श्वास चालू असतो आणि मूल खेळायला लागतं. हा शांत काळ काही तासांचा असतो, कधी काही दिवसांचा.

संध्याकाळी आई न्यायला आली तेव्हा गडबडीत एक वाक्य सांगितलं गेलं: "आज जरा ठसका लागला होता हं, आता बरी आहे." शेंगदाण्याचा उल्लेख नाही, खिदळत असताना लागला हेही नाही. आईनं ते ऐकलं आणि रात्रीपर्यंत विसरली.

रात्री कोरडा खोकला. जानेवारीतली थंडी, घरोघरी सर्दी. घरच्यांनी वाफ दिली, आदल्या खेपेचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी छातीतून घुरघुर ऐकू यायला लागली. जवळच्या डॉक्टरांनी नेब्युलायझर दिला, थोडं बरं वाटलं. काही खाताना ठसका लागला होता का, हे त्यांनी विचारलं नाही आणि आईलाही सांगायचं सुचलं नाही. पाचव्या दिवशी ताप आला, तेव्हा मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी स्टेथोस्कोप दोन्ही बाजूंना लावून बराच वेळ ऐकलं. उजवीकडे हवा कमी जात होती. मग तो प्रश्न आला, आणि आईला त्या संध्याकाळचं ते वाक्य आठवलं.

एक्स-रेमध्ये शेंगदाणा दिसला नाही. दिसतही नाही, अन्नाचा कण धातूच्या नाण्यासारखा पांढरा उमटत नाही. पण उजवं फुप्फुस जास्त फुगलेलं होतं: श्वास घेताना हवा कडेनं आत शिरत होती, सोडताना अडत होती. भूल देऊन दुर्बिणीनं तपासणी झाली आणि उजव्या मुख्य श्वासवाहिनीतून शेंगदाण्याची एक अर्धी पाकळी निघाली. उजवी वाहिनी डावीपेक्षा रुंद आणि सरळ असते, म्हणून वस्तू तिकडे जायची शक्यता थोडी जास्त असते. शेंगदाणा आत ओलाव्यानं फुगतो आणि त्यातल्या तेलानं आजूबाजूचं अस्तर सुजतं, त्यामुळे दिवस गेले की काढणं अवघड होत जातं. मुलगी दोन दिवसांनी घरी आली. आता ती ठणठणीत आहे.

पाळणाघरापुढचे पर्याय

बातमी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर पोहोचायला वेळ लागला नाही. दोन कुटुंबांनी मुलं काढून घेतली. उरलेल्यांची एका शनिवारी बैठक झाली, त्यात तीन वाटा मांडल्या गेल्या.

पहिली, सरळ बंदी: शेंगदाणे, द्राक्षं, गाजर, हरभरा यातलं काहीच आत आणायचं नाही. ऐकायला ठाम, पण कोल्हापूरच्या घरात शेंगदाणा वगळून डबा भरायचा कसा? भाजीत कूट, चटणीत कूट, उपवासाला कूट. घरात सगळ्यात स्वस्त मिळणारं सत्त्व तेच. शिवाय बंदीत एक गोची आहे. यादीत द्राक्ष असतं, जांभूळ नसतं. फुटाणा असतो, भडंगातलं डाळं नसतं. ज्यानं यादी पाठ केली त्याला उद्याची नवी वस्तू ओळखता येत नाही.

दुसरी, सगळं खाणं पाळणाघरातच शिजवायचं. सुरक्षिततेच्या दृष्टीनं हे सगळ्यात चांगलं. पण फी वाढली असती, आणखी एक बाई ठेवावी लागली असती, आणि चार-पाच घरांना ते परवडणारं नव्हतं.

तिसरी, डबे घरूनच यावेत, पण पालकांना एक सूचनापत्र द्यावं. ताईंना हे पसंत होतं. मावशींनी बैठकीत पहिल्यांदा तोंड उघडलं ते इथे: "कागद आईला देणार, आणि डबा भरणार आजी. सात वाजता कोण वाचतंय ते?" एका आजींनी लगेच त्यांची बाजू खरी करून दाखवली. "आमी शेंगा खाऊनच मोठं झालो की. कुणाला काय झालं?" ज्यांना झालं ते सांगायला उरत नाहीत, हे उत्तर माझ्या ओठांवर होतं, बैठकीत ते बोलण्यात अर्थ नव्हता.

शेवटी ठरलं ते मावशींच्या म्हणण्यातून निघालं. डबे घरून येतील. पण दारात आल्या आल्या ते स्वयंपाकघरातल्या एका टेबलावर ठेवायचे, प्रत्येक डबा मावशी उघडणार आणि जे चिरायचं, कुस्करायचं, काढून ठेवायचं ते तिथेच करणार. शेवटचा हात एकाच माणसाचा.

टेबलावर काय बदललं

मावशींना यादी दिली नाही. तीन प्रश्न दिले. हे बोटाच्या चिमटीत सहज चिरडतं का? हे गोल आहे का? हे तोंडात विरघळतं की तसंच राहतं?

यामागचं कारण त्यांना पटेल असं सांगितलं. पुढच्या दातांनी मूल तुकडा तोडतं. दळायचं काम दाढांचं. पहिल्या दाढा साधारण सव्वा-दीड वर्षाच्या आसपास येतात, दुसऱ्या दोन ते पावणेतीन वर्षांत, आणि आल्या तरी चावायची सवय लागायला वेळ जातो. गाजर तोडता येतं पण दळता येत नाही, मग तुकडा तसाच मागे सरकतो. मुलाची श्वासनलिका जेमतेम त्याच्या स्वतःच्या करंगळीएवढी.

द्राक्षावर सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण तासगावकडची द्राक्षं तेव्हा बाजारात यायला लागली होती आणि रोज दोन-तीन डब्यांत असायची. मावशी आधी ती आडवी कापायच्या. आडवं कापलं की द्राक्षाच्या दोन गोल चकत्या होतात, आणि गोल तोंडाच्या नळीवर गोल चकती बाटलीच्या बुचासारखी बसते. उभं कापून चार फोडी केल्या की तो गोलच मोडतो. पाच वर्षांपर्यंत असंच. एक द्राक्ष आडवं आणि एक उभं कापून, त्या फोडी सरबताच्या जाड नळीच्या तोंडावर ठेवून दाखवल्यावर पुन्हा सांगावं लागलं नाही.

शेंगदाण्याचं कूट चालेल, बारीक. अर्धवट भरड नको. अर्धी पाकळी ही अख्ख्या दाण्यापेक्षा सुरक्षित नसते, या मुलीच्या छातीतून तीच निघाली होती. कूट-गुळाचा लाडू मऊ असेल तर चालेल, पाक कडक झालेली चिक्की नको. शेंगदाण्याचं लोणी चमच्यानं चाटायला द्यायचं नाही, ते घशात चिकटून बसतं. पोळीवर पातळ पसरून चालतं. गाजर आणि बीट उकडून चिमटीत चिरडेल इतकं मऊ, नाहीतर किसून. सफरचंद किसून किंवा वाफवून. खोबरं किसून. हरभरा, वाटाणा, मक्याचे दाणे दाबून फोडलेले. बोर, चिक्कू, सीताफळ, कलिंगड यांच्या बिया काढूनच. फुटाणे, मक्याच्या लाह्या, भडंग, गोळ्या परत डब्यात आणि घरी. मऊ पदार्थाचा तुकडासुद्धा अर्ध्या इंचापेक्षा मोठा नको. कडक पदार्थाला मात्र "लहान तुकडा करून दिला" ही सबब चालत नाही.

मटणाचा प्रश्न आला, येणारच होता. बुधवारी-रविवारी घरात मटण, दुसऱ्या दिवशी डब्यात. अळणी रस्सा आणि भात हे इथल्या लहान मुलांचं जुनं, चांगलं खाणं. त्यातला तुकडा मावशी हाडापासून सोडवून बोटांनी रेषा रेषा वेगळ्या करून भातात कालवायला लागल्या. हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. "लेकराला असंच देतात की," म्हणाल्या.

खाण्याइतकाच बदल बसण्यात झाला. मूल पाटावर ताठ बसल्याशिवाय ताट पुढे येत नाही. समोर एक मोठं माणूस, मुलांच्या चेहऱ्याकडे तोंड करून. टीव्ही बंद. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात घास नाही, हसवत हसवत भरवणं नाही. मोठ्या मुलांनी धाकट्यांना भरवायचं नाही, कितीही गोड दिसलं तरी.

एक पाऊल जास्त

पहिल्या दोन आठवड्यांत भीतीपोटी ताईंनी सगळंच मिक्सरला लावायला सांगितलं. तीन वर्षांची मुलं वरणभाताचा गोळा गिळायला लागली. यावर नाराजी पुन्हा मावशींनीच काढली: "सगळं मिक्सरलाच लावायचं, तर देवानं दात कशाला दिलेत?"

त्यांचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर होतं. चावणं ही शिकायची गोष्ट आहे. आठ-नऊ महिन्यांपासून मऊ गोळे, मग मऊ तुकडे तोंडात यायला हवेत. फार काळ फक्त पातळ दिलं तर मूल पुढे तुकडा तोंडात घेईनासं होतं. या शिकण्यात मधूनमधून उमळून येणं, जीभ बाहेर काढून घास पुढे ढकलणं होणारच. ते दिसायला घाबरवणारं असतं, पण त्यात आवाज असतो आणि मूल स्वतःच सावरतं. खरा अडकलेला घास बहुधा मुका असतो: तोंड उघडं, आवाज नाही, खोकला नाही, ओठ निळसर. मिक्सर मागे गेला. वर्षाच्या मुलांना कुस्करलेलं, दोन वर्षांच्यांना मऊ तुकडे, असे दोन थर झाले.

हाताशी असावं म्हणून

तिघींनी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण बाहुलीवर घेतलं. खोकला निष्फळ झाला किंवा आवाजच बंद झाला, तर वर्षाखालच्या बाळाला आपल्या हातावर पालथं, डोकं खाली ठेवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच थापा; मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब; आळीपाळीनं, वस्तू निघेपर्यंत. वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून पाठीवर पाच थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वर असे पाच झटके. बाळाच्या पोटावर झटके द्यायचे नाहीत. पाय धरून उलटं टांगायचं नाही. एकीनं हे करायचं, दुसरीनं 108 लावायचा. मूल बेशुद्ध झालं तर जमिनीवर उताणं निजवून छातीचे दाब आणि श्वास. वाचून हे येत नाही. ताईंना पहिल्या वेळी जोर किती लावायचा याचा अंदाजच आला नव्हता.

निष्पत्ती

टेबलाची पद्धत टिकली. मावशींचा सकाळचा जवळजवळ पाऊण तास त्यात जातो, त्यासाठी पगार वाढवावा लागला आणि फीही थोडी वाढली. काढून घेतलेल्या दोन मुलांपैकी एक परत आलं. डब्यांत हळूहळू फरक पडला. डब्यातून परत आलेले फुटाणे पाहून आया विचारायला लागल्या, आणि तासगावची द्राक्षं आता बहुतेक घरांतून उभीच कापून येतात. "काय झालं?" म्हणणाऱ्या आजी नातवासाठी शेंगदाणे खलबत्त्यात कुटून देतात, पण आपलं म्हणणं त्यांनी मागे घेतलेलं नाही.

पुढच्या वर्षी बोरन्हाण झालं. ते बंद करावं असं मलाही वाटलं नव्हतं. शेंगा, घाटे, करवे, रेवड्या टोपलीत ओवाळून बाजूला ठेवल्या. डोक्यावरून शेवंतीच्या पाकळ्या आणि मुलाच्या मुठीत न मावणारी मोठी बोरं पडली. मोठ्यांनी सतरंजी झाडून घेतल्यावर मुलांना सोडलं, आणि खाऊ नंतर पाटावर बसून.

वेगळं काय करता आलं असतं

ठसका लागला त्याच संध्याकाळी आईला तीन गोष्टी सांगायला हव्या होत्या: काय खात होती, कशी खात होती, खोकला किती वेळ टिकला. हे लिहून दिलं असतं तर तिसऱ्या दिवशीच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचलं असतं. खाता खाता अचानक उबळ आली आणि नंतर खोकला, घुरघुर किंवा आवाजात बदल राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं आणि सुरुवात ठसक्यापासून करायची. एक्स-रे नीट आला म्हणून विषय संपत नाही. शेंगदाण्यासारखी वस्तू आणि अशी जोरदार उबळ एकत्र असेल, तर मूल खेळत असलं तरी त्याच दिवशी दाखवावं, असं मी म्हणेन.

हलव्याच्या दागिन्यांकडे दुसऱ्या वर्षीही कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. कडक, वाटाण्याएवढे दाणे, तेही दोऱ्यात ओवलेले, बाळाच्या गळ्यात, तोंडापासून चार बोटांवर. फोटो झाल्याबरोबर काढायचे हे आता ठरलं आहे. सजावटीचे फुगेही होते. फुटलेल्या फुग्याचा रबरी तुकडा घशात बसला तर निघता निघत नाही. ते आता आणत नाहीत.

अजून न सुटलेलं

पाळणाघराच्या गेटबाहेर मावशींचं टेबल नसतं. संध्याकाळी मूल घेतलं की स्कूटरवर पुढे उभं करून हातात चिरमुऱ्यांचा पुडा दिला जातो, खड्डे चुकवत गाडी निघते. ताईंनी दोनदा हटकलं, एकदा वाईटपणा घेतला.

दुसरा वाद वयाचा. साडेचार वर्षांच्या एका मुलाच्या वडिलांचं म्हणणं आहे की त्याला सगळ्या दाढा आहेत, घरी तो फुटाणे खातो, मग इथे का नाही? ताईंचं उत्तर असं, की त्याला दिले तर शेजारच्या पाटावरचं दीड वर्षाचं मूल त्याच्या ताटात हात घालतं. वडिलांना ते पटलेलं नाही. पुढच्या बैठकीत तो विषय पहिला आहे.